खिंडीपलीकडचं तळं

त्या चैत्रात कारखान्याला सुट्टी होती, म्हणून मी म्हैसमाळच्या मागच्या डोंगरात एकटाच गेलो होतो. खिंड ओलांडायचं ठरवलं होतं. पण ऊन चढलं, पाणी संपलं आणि मी अर्ध्यातूनच परतलो. वाटेत समोरून एक म्हातारे आले. सत्तरी उलटलेली, पाठीवर गोणपाटाची पिशवी. पैठणहून अजिंठ्याला पायी निघाले होते, एकटेच. दरवर्षी अशी एखादी लांबची वाट धरतो, म्हणाले.

"खिंडीकडून आलात व्हय? पल्याड पाणी हाय का?"

त्यांच्यापुढं अर्ध्यातून परतलो म्हणायची मला लाज वाटली. "आहे ना, तळं भरलेलं आहे," मी सांगितलं. ते मी दिवाळीत पाहिलं होतं.

माझी रिकामी बाटली त्यांनी पाहिली. "मग हे घ्या की. मी तिथं भरून घेतो." आपलं जवळजवळ सगळं पाणी त्यांनी माझ्या बाटलीत ओतलं. मी नको म्हटलं, एकदाच. त्यांची पाठ वळताच प्यालो.

खाली उतारावर एक बाई शेळ्या चारत होती. मन खात होतं, म्हणून तिला तळ्याचं विचारलं.

"तळं? कुठल्या गावचे दादा तुम्ही?" ती हसली. "होळीच्या आधीच आटलं. आता तिथं बेडूक बी नाय."

समोर गाडीरस्ता दिसत होता. मी दगडावर बसलो. म्हातारे जाणते आहेत, परततील, असं स्वतःला समजावत किती वेळ घालवला, ते अजूनही लिहवत नाही. मग तिच्या पाण्याच्या कॅनमधून बाटली भरून घेतली आणि धापा टाकत पुन्हा चढलो.

खिंडीपलीकडं, भेगाळलेल्या तळ्याच्या काठी, बोरीच्या तुटपुंज्या सावलीत ते आडवे पडले होते. मी हाक मारली. हालचाल नाही. दुसऱ्या हाकेला हात वर झाला.

घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं ते उठून बसले.

"पाणी संपलं की मी चालत नाय. ऊन उतरंस्तोवर पडून राहतो. म्हणून टिकलो."

"काका, तळं आटलंय ते मला आत्ता खाली कळलं," मी म्हणालो. ते खरं होतं, पण बोललो खोटेपणानंच.

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "आज इथवर आला व्हता?"

"नाही," मी म्हणालो. "अर्ध्यातून परतलो होतो. तळं दिवाळीत पाहिलं होतं."

"मग तसंच सांगायचं. मी माझं पाणी राखलं असतं." त्यांनी तोंड पुसलं. "आन् परतायची लाज कसली? याच खिंडीतून मी दोनदा परतलोय."

बाटलीत उरलेलं पाणी मी त्यांच्यापुढं ठेवलं.

"पुढलं गाव किती लांब हाय?"

अंदाज तोंडावर आला होता. तो मी गिळला. "माहीत नाही, काका. तळ्याच्या पुढं मी कधीच गेलो नाही."

"मग आज तिसऱ्यांदा," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून मागं खिंडीकडं वळले.