यादीतून सुटलेली शाळा

चौथीच्या बाई चोवीस वर्षं शिकवत होत्या. तेवढ्या वर्षांत त्यांनी एक धडा पक्का गिरवला होता: वरच्या ऑफिसातून गोड बोलणारं माणूस आलं की आठ दिवसांत कुणाची तरी बदली होते. म्हणून शाळेचं नाव कमी निकालाच्या शाळांच्या यादीत गेलं आणि शिक्षण विभागाने आठवड्यातून तीन दिवस एक मदतनीस पाठवली, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"मी तपासायला नाही आले हं, मदतीला आलेय," मदतनीस पहिल्याच दिवशी म्हणाली.

"हो का? बसा ना," म्हणत बाईंनी आपलं कपाट कुलूपबंद केलं.

वर्गातल्या अकरा मुलांना वाचता येत नव्हतं. मदतनीस त्यांना घेऊन व्हरांड्यात जमिनीवर बसे आणि अक्षरांची कार्डं पसरे. बाई फळ्यावर भागाकार मांडत, पण एक कान बाहेर. पोरांच्या तोंडून काय काढून घेतेय ही? बाई उशिरा येतात का, ओरडतात का?

घरी नवरा म्हणाला, "अगं, खरंच मदतीला आली असेल."

"तुम्ही तर बोलूच नका. तुम्हाला दारावर आलेला विमेवालासुद्धा देवमाणूस वाटतो!"

सहामाही चाचणीचे पेपर विभागाकडून सीलबंद आले. ही अकरा पोरं नापास झाली की खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, या धास्तीने बाई त्यांच्या बाकांमधून हिंडल्या आणि बोटाने बरोबर उत्तराचा पर्याय दाखवत गेल्या. आजवर कुणाला एक मार्क फुकट न दिलेली ही बाई. तिला स्वतःची लाज वाटली, पण बोट काही थांबलं नाही.

महिन्याभराने पत्र आलं. प्रगती समाधानकारक, शाळा यादीतून वगळली, मदतनीस सोमवारपासून दुसऱ्या शाळेत. मुख्याध्यापक पत्र नाचवतच वर्गात शिरले. "सुटलो, बाई! सुंठीवाचून खोकला गेला!"

बाई व्हरांड्यात आल्या. एक मुलगी कार्डावर बोट ठेवून "पा... णी... पाणी!" म्हणत होती. तिच्यासह चारजणं शब्दांपर्यंत पोहोचली होती, बाकीची सात अजून अक्षरांतच अडकलेली.

"सोमवारपासून यांचं काय?"

"निकालाप्रमाणे यांना वाचता येतं," मदतनीस म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"नाही येत. उत्तरं मी दाखवली."

मदतनीसने हातातली कार्डं खाली ठेवली. "हे लेखी द्याल? तरच मला इथे राहण्यासाठी विभागात भांडता येईल."

झालं! शेवटी लेखीवरच आली. हाच तो सापळा, बाईंना वाटलं. सही केली की दोरी हिच्या हातात.

"माझ्या नोकरीवर गदा आली तर?"

"येणार नाही, असं मी नाही सांगू शकत."

चोवीस वर्षांत वरून आलेल्या माणसाने खोटा धीर न देण्याची ही पहिलीच वेळ. तरी बाईंचा विश्वास काही बसला नाही. पण त्यांनी कागद मागून घेतला, भिंतीला टेकवून सगळं लिहिलं, खाली सही ठोकली आणि आणखी एक कोरा कागद मागितला.

"दुसरी प्रत करते," त्या म्हणाल्या. "तिच्यावर मिळाल्याची सही तुम्ही करायची."