औषध फक्त तीस दिवसांचे

औषधाच्या खिडकीत बसलं की किस्से मागावे लागत नाहीत. बीडजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी अठरा वर्षं गोळ्या वाटतेय. गोळ्यांचा स्टॉक दर महिन्याला संपतो. किस्से मात्र एवढे साठलेत की माहेरी जेवायला बसले की बहिणी म्हणतात, "सांग गं एखादा दवाखान्यातला!" मी सांगते, त्या हसतात. हल्ली मात्र निम्म्यातच गप्प होतात.

माझ्या खिडकीवर एक पाटी आहे : 'औषध फक्त तीस दिवसांचे. रुग्णाने स्वतः येणे. रिकाम्या पट्ट्या दाखवणे.' बीपी, शुगर, फिट असल्या जन्माच्या दुखण्यांसाठी आहे ती. एकाच्या नावाच्या गोळ्या दुसरेच नेतात अशी तक्रार झाली, म्हणून आधीच्या साहेबांनी नियम काढला आणि पाटी मी माझ्या हाताने रंगवली. अक्षर चांगलं आहे ना माझं!

* * *

शेजारच्या खिडकीत सलीमभाई केसपेपर काढतात. केसपेपरचे पैसे माफ झाले, त्याच आठवड्यात पालीचे साहेबराव आले. बीपीचे जुने पेशंट. त्यांनी दहाची नोट आत सरकवली. सलीमभाईंनी बाहेर सरकवली. असं चार वेळा झालं!

"अहो काका, आता पैसे लागत नाहीत. सगळ्यांना माफ झालेत."

"तुमी घ्या तर! फुकटातली गोळी लागू व्हत न्हाई."

"मी घेतले तर माझी नोकरी जाईल!"

साहेबराव केसपेपर न काढताच निघून गेले. दोन महिन्यांनी मुलाने त्यांना धरून आणलं. तोंड एका बाजूला गेलेलं, अर्धं अंग लुळं. चांगल्या हाताने त्यांनी खिशातून दहाची नोट काढली. सलीमभाईंनी या वेळी ती मुकाट घेतली आणि मागच्या मागे मुलाच्या हातात दिली.

* * *

गफ्फारचाचा फळांचा गाडा लावतात. गोळ्या वेळेवर न्यायचे, रिकाम्या पट्ट्या मोजून आणायचे, तरी शुगर जागची हलेना. एक दिवस मी त्यांना चांगलंच झापलं.

"चाचा, गाड्यावरची सीताफळं खाताय ना?"

"अल्लाकसम म्याडम, सीताफळाला हात न्हाई लावला."

"मग गोळ्या जातात कुठं?"

चाचांनी मान खाली घातली. शुगर चाचींनाही होती. पायाला जखम, रांगेत उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांचा केसपेपरच नव्हता. दोन वर्षं एकाच्या गोळ्यांवर दोघं जगत होते!

"सकाळची मी खातो, संध्याकाळची ती," चाचा म्हणाले. "मियां-बीवीनं वाटून खाल्लं पायजे ना!"

चाचींना रिक्षात घालून आणा म्हटलं. आणलं. त्यांचा पाय काही वाचला नाही.

* * *

नेकनूरच्या विमलताईंचं डायलिसिस चालतं. त्यांना एक सवलतीचा दाखला आहे. तो दरवर्षी नवा करावा लागतो, उशीर झाला तर दंड. गेल्या साली त्यांना उशीर झाला. दाखल्याच्या कचेरीत टेबलामागच्या माणसाने विचारलं, "मुदत संपून दीड महिना झाला. उशीर कशामुळे?"

"ॲडमिट व्हते."

"कशासाठी?"

"ह्याच्याचसाठी की!"

"मग ॲडमिट असल्याचा दाखला आणा, नाहीतर दंड भरा."

विमलताईंनी दंड भरला आणि आमच्याकडे येऊन हसत हसत सांगितलं, "आजार लिवलाय मरंस्तोवरचा, मुदत दिलीया वर्षाची. म्हनलं, वर्षाच्या आतच मरावं, दंड तरी वाचंल!"

सलीमभाई हातातला चहा तसाच ठेवून उठून गेले.

* * *

हा अगदी छोटा. एक आजोबा बायकोच्या उरलेल्या दोन पट्ट्या परत द्यायला आले. ती गेली, आता कुणाला तरी होतील म्हणाले. दिलेलं औषध परत घेता येत नाही, नियम आहे. पाटीवर तो लिहिलेला नाही, तरी सवयीने मी पाटीकडे बोट केलं.

त्यांनी पाटी सावकाश वाचली. "रुग्णाने स्वतः येणे म्हणलंय. मंग तिला धाडू का?"

* * *

हा शेवटचा मी बहिणींना अजून सांगितलेला नाही.

मंदाला फिट यायच्या. गोळी एक दिवसही चुकवू नये, असं डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर लाल पेनाने लिहिलेलं. दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा अंकुश ऊसतोडीला कर्नाटकात निघाले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतला एक जरी कामावर आला नाही, तरी मुकादम कोयत्याला खाडा लावतो, म्हणजे दंड. आजारी पडलं तरी खाडा चुकत नाही.

"सा महिन्याच्या द्या की म्याडम," मंदा म्हणाली. मी तीस दिल्या.

महिना संपला आणि अंकुश एकटाच आला. तीन रिकाम्या पट्ट्या त्याने खिडकीत नीट मांडल्या.

"मंदा कुठंय?"

"फडात हाय, मोळ्या बांधतीया. तिकडच्या दवाखान्यात हितला कागद चालंना. म्या आलो तर खाडा लागलाच, पर गोळ्या लई गरजंच्या हायत."

"पेशंटला घेऊन या. तिला बघितल्याशिवाय देता येत नाही."

हे मीच म्हणाले. माझ्या मागच्या कपाटात त्या गोळ्यांचा अख्खा डबा होता. अंकुश भांडला नाही. रिकाम्या पट्ट्या गोळा करून त्याने खिशात घातल्या आणि गेला. मला त्या दिवशी नियम पाळल्याचं समाधान वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

फेब्रुवारीत मंदा स्वतः आली. फिट आली तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, बोटं एकमेकांना चिकटून वाळलेली. पाटीबिटी न बघता मी तीन महिन्यांच्या गोळ्या काढल्या आणि खिडकीतून पुढे केल्या.

तिने हात पुढे केला नाही. आधी इकडेतिकडे बघितलं, मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, "म्याडम, दोन महिनं आले न्हाई म्या. हितं खाडा किती धरत्यात?"

आणि डाव्या हाताने पदराची गाठ माझ्यापुढे धरली.

"मला सुटत न्हाई. तुमीच सोडा आन् काय आसंल ते घ्या."