डोपामाइनवाले साडू

माणसाच्या डोक्यात हौस कुठून उगवते आणि कुठे मावळते, हे ठाऊक असलेला इसम अख्ख्या दादरा नगर हवेलीत एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. मूळचे ते जळगावकडचे. सिल्वासाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला येण्याआधी कित्येक वर्षं ते एका प्रयोगशाळेत जिवंत उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन मोजत होते. केसाहून बारीक कार्बनचा धागा काचेच्या नळीत बसवायचा, तो मेंदूत उतरवायचा आणि त्यावर विजेचा दाब भराभर चढवायचा-उतरवायचा. डोपामाइन धाग्याला भेटलं की इलेक्ट्रॉन देऊन जातं, आणि तेवढाच इवलासा प्रवाह पडद्यावर उमटतो. मला हे इतकं नीट सांगता येतं, कारण माझं लग्न झाल्यापासून दर सणाला मी ते ऐकत आलोय.

या प्रवाहाला मोठं भय आजूबाजूच्या विजेचं. पंखा, मिक्सर, ट्यूबलाइट, सगळे त्यात आपला गोंगाट मिसळतात. साडूंनी प्रयोगशाळा सोडली, पण धास्ती सोडली नाही. सामरवरणीच्या त्यांच्या फ्लॅटवर गप्पा रंगात आल्या की ते उठून पंखा बंद करतात, अगदी मे महिन्यातसुद्धा. "हां, आता बोला. आता नीट ऐकू येईल." आम्ही घाम पुसत बोलतो. दुसरा शत्रू व्हिटॅमिन सी. ते मेंदूत भरपूर असतं आणि जवळपास डोपामाइनच्याच दाबाला धाग्यावर येऊन धडकतं, त्यामुळे कुठला प्रवाह कुणाचा ते कळेनासं होतं. एवढ्या एका कारणासाठी साडूंनी लिंबाशी कायमचं वैर धरलंय. पोह्यांच्या ताटलीतली फोड ते दोन बोटांनी उचलून शेजारच्याच्या ताटलीत ठेवतात. "काय सांगू भो, माझी उमेदीची वर्षं खाल्ली यानं!"

पण खरा छळ गोडाचा. रविवारी जिलेबी आली की ते पुडा मध्यभागी ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. "डोपामाइन म्हणजे आनंद नव्हे, ओढ! साखर येणार हे उंदराला कळलं की तेव्हाच पडद्यावरची रेघ उसळते. आत्ता तुमची रेघ कुठे असेल, विचार करा." एकदा हे व्याख्यान दुकानातच सुरू झालं, तेव्हा गुजराती दुकानदार काकुळतीनं म्हणाला, "सर, जलेबी ठंडी थई जशे." साडूंनी त्यालाही ओढ समजावून सांगितली.

आमचे सासरे निवृत्तीनंतर या साडूंकडेच राहतात. इथल्याच एका शाळेत ते पी.टी.चे मास्तर होते. गेल्या वर्षी दिवाळीला आम्ही सगळे जेवत असताना साडू डोपामाइनवर आले आणि वाक्य अर्धवट टाकून सासऱ्यांकडे बघत राहिले. सासरे हात धुवायला चालले होते. पावलं आखूड पडत होती, उजवा हात अंगाशी चिकटल्यासारखा, हलतच नव्हता. आम्हा बाकीच्यांना त्यात काही दिसलं नाही. त्या दिवसापासून मात्र साडू डोपामाइनचं नाव काढेनात. पंखा दिवसभर फिरू लागला. "भाऊजी बरे आहेत ना?" असं माझ्या बायकोनं दोनदा विचारलं. शेवटी तेच सासऱ्यांना वापीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पार्किन्सन निघाला. डोपामाइन तयार करणाऱ्या पेशीच मरत चालल्या होत्या.

घरी आल्यावर सासरे पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही तर हेच मोजायचात. एकदा आमचंही मोजा की."

"मामा, माणसात ते ऑपरेशनच्या वेळीच जमतं. डोकं उघडावं लागतं."

"मग राहू द्या. कालच केस कापलेत."

आम्ही सगळे हसलो. साडू पाणी आणतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गोळ्यांनी हाताचा कंप कमी झाला. पण चालता चालता मध्येच पाय जमिनीला खिळायचे, आणि कुणी "चला, चला" म्हटलं की आणखीच खिळायचे. एका संध्याकाळी सोसायटीच्या आवारात ते असेच अडले. मीही तिथेच होतो. साडू त्यांच्या शेजारी ताठ उभे राहिले. "मामा, पंधरा ऑगस्टला कॉलेजात मला संचलनात चालायचंय. जरा शिकवा."

सासऱ्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पोट आत घ्या. सावधान! डावा… उजवा…"

साडू निघाले ते उजव्या पायानं.

"डावा! डावा पाय, गाढवा!" असं ओरडत सासरे त्यांच्या बरोबरीनं निघाले. ठेक्यात, हात हलवत, थेट गेटपर्यंत. जावयाला गाढव म्हटल्याचं गेटपाशी त्यांच्या लक्षात आलं.

नंतर मी साडूंना गाठून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो, असं म्हणतात. माझ्याकडे काही मापं नाहीत बुवा."

पंधरा ऑगस्ट होऊन गेला. संचलनात साडू कुणालाच दिसले नाहीत, पण तालीम रोज चालू आहे. परवा मी गेलो तेव्हा दोघं आवारात फेऱ्या घालत होते. या आजारात आवाजही विरत जातो. सासऱ्यांचा हुकूम आता हातभर अंतरावरही ऐकू येत नाही, म्हणून साडू मान वाकवून, कान अगदी त्यांच्या तोंडापाशी नेऊन चालत होते. आणि अजूनही पाय चुकवत होते.