रविवारी वाचायचं, आठवडाभर करायचं

चार ख्रिस्ती घरं एकत्र बसून बायबल वाचायला लागली की किस्से साचतातच. त्यातून आमचे गायकवाड मास्तर! साठच्या दशकात पालघरला त्यांच्या ओसरीवर आम्ही दर रविवारी दुपारी जमायचो. मास्तर, त्यांच्या पत्नी रूथबाई, तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर वेल्डर असलेला साळवे आणि दवाखान्यात नर्स असलेली मी, एवढे तरी न चुकता.

मास्तरांचा नियम एकच. उतारा वाचायचा, त्यातला एक धडा उचलायचा आणि आठवडाभर तो करून बघायचा. "नुसतं वाचून काय उपयोग? देव काय आपली तोंडी परीक्षा घेणार आहे?"

करून बघताना जे जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. आणि हसता हसता मध्येच अंगावर काटा येतो.

*

एकदा आम्ही रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला उचलून नेणाऱ्या परक्या प्रवाशाची गोष्ट वाचली. साळवे फारच पेटला! दुसऱ्याच दिवशी चिंचणीहून सायकलवरून येताना त्याला रस्त्याकडेला एक म्हातारा आडवा पडलेला दिसला. हाका मारल्या, हलवलं, पण काही उत्तर नाही.

साळवेनं एक बैलगाडी थांबवली, म्हाताऱ्याला उचलून आत घातलं आणि थेट बोईसरला डॉक्टरच्या दारात नेलं. तिथं म्हातारा डोळे चोळत उठून बसला.

"आरं, मला कुठं आनलंस? मी माज्या अंगनात निजलो होतो!"

साळवे त्याच गाडीतून त्याला परत सोडून आला. रविवारी हे ऐकून मास्तरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "शेजारी कोण ते तुला कळलं, साळवे. आता झोपलेला कोण तेही ओळखायला शिक!"

पण गंमत पुढंच आहे. त्यानंतर साळवे कधीही तिथून गेला की तो म्हातारा त्याला थांबवायचा. पाणी पाजल्याशिवाय पुढं सोडायचाच नाही.

*

आठवडाभर खरंच बोलायचं, हा धडा माझ्या वाट्याला आला. आमच्या डॉक्टरांना स्वतः चहा करून सगळ्यांना पाजायची भारी हौस. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कसा झालाय, सिस्टर?"

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "पाणचट."

डॉक्टरांनी स्वतःच्या कपातला एक घोट घेऊन पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं सगळा दवाखाना माझ्याशी खोटं बोलत होता?"

*

रूथबाईंचं शेजारच्या हिराबाईशी वाकडं होतं. हिराबाई मूळची समुद्राकाठच्या मुरबे गावची, कोळीण. दोघींच्या मधल्या भिंतीवर ती बोंबील वाळत घालायची. रूथबाईंना तो वास सहन होत नसे. त्यांनी हिराबाईशी बोलणंच टाकलं होतं.

एका रविवारी उतारा निघाला तो असा : कुणाशी बिनसलं असेल, तर देवापुढं अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मास्तर वाचत होते. रूथबाई मधूनच उठल्या, पदर सारखा केला आणि तडक निघाल्या. आम्ही सगळे भिंतीपाशी कान देऊन!

"हिराबाई, मला माफ करा."

"कशापाय?"

"इतके महिने तुमच्याशी बोलले नाही म्हणून."

"आवं बाय! मला वाटलं तुमची दाढ दुखते हाय!"

त्या दिवशी हिराबाई रूथबाईंचा हात धरून आमच्या प्रार्थनेला येऊन बसली. तोंडाला पदर लावून दोघी शेवटपर्यंत हसत होत्या.

*

हा किस्सा माझ्या दवाखान्यातलाच. लुळ्या माणसाला त्याच्या चार मित्रांनी छपरातून येशूपुढं उतरवलं, ती गोष्ट आम्ही नुकतीच वाचली होती. त्याच आठवड्यात डोंगरातल्या पाड्यावरून चार माणसं एका बाईला झोळीत घालून दवाखान्यात घेऊन आली. मूल आडवं आलेलं. चौघांचे खांदे सोलून निघालेले.

"हिचा नवरा कोण?" मी विचारलं.

"तो हितं नाय. मिठागरावर कामाला गेलाय."

"मग तुम्ही तिचे कोण?"

पुढचा माणूस खाली बघत म्हणाला, "मी कोनी नाय. हिच्या नवऱ्याचं नि माजं बांधावरून भांडान हाय."

"तरी आणलंत?"

"भांडान त्याच्याशी हाय, सिस्टर. पोटातल्या पोराशी कसलं भांडान?"

बाई वाचली, मूलही वाचलं. रविवारी मी हे सांगितलं, तेव्हा मास्तरांनी पुस्तक मिटलं. "आज नवीन काही वाचायला नको," एवढंच म्हणाले.

*

मास्तरांना एकुलता एक मुलगा होता, दानिएल. बोईसरला नोकरीला होता. पावसात त्याची सायकल घसरली आणि तो विटांच्या ट्रकखाली आला. ड्रायव्हरचा दोष नव्हता, पोलिसांनीही तसंच सांगितलं. मास्तर बरेच दिवस ओसरीवर आले नाहीत. वाचन आम्हीच करत होतो. एकमेकांची ओझी वाहा, हा उतारा आला तेव्हा ते पहिल्यांदा येऊन बसले.

मग साळवेकडून त्यांना कळलं, की तो ड्रायव्हर, उत्तरेकडचा कोवळा पोरगा, खोलीतून बाहेरच पडत नाही. ट्रकला हात लावायलाही तयार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर साळवेला घेऊन त्याच्या खोलीवर गेले. पोरगा त्यांचे पाय धरून रडला. मास्तरांनी त्याला उठवलं, बाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसले. साळवे मागं चढला.

"चलो," मास्तर म्हणाले.

"किधर, बाबूजी?"

"उसी रास्ते से."

ट्रक हळूहळू निघाला. ती जागा आली आणि पोरानं ब्रेक दाबला. कपाळ स्टिअरिंगवर टेकून तो हमसाहमशी रडायला लागला. मागं बैलगाड्या, जीपा अडकल्या. हॉर्न वाजायला लागले.

मास्तरांनी रस्त्याच्या त्या कडेकडे एकदा पाहिलं. मग आपला हात पोराच्या हातावर ठेवला आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले,

"चलो, बेटा. पीछे गाडी लोग खडा है."