कुंकू लावलेला ॲक्सल

घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

रामघाटाच्या आमच्या गल्लीत माझी शर्यतीची गो-कार्ट शिरत नाही, म्हणून भाऊ मागची चाकं जोडणारे दांडे, म्हणजे कडक आणि मऊ असे आलटून पालटून बसवायचे दोन्ही ॲक्सल, साफ करायला घरी आणतो. सकाळी निघताना आईने हाताशी आला त्या ॲक्सलला मंगळागौरीचं कुंकू लावलं. तो नेमका कडक ॲक्सल होता. थंड ट्रॅकवर चांगली पकड देतो, म्हणून तोच बसवला.

दुपारी भाऊ म्हणाला, "ताई, ऊन चढलंय. आता पकड जास्त होईल, कार्ट उलटेल. मऊ वाला टाकू या."

"पूजा झालेला काढतात का रे?" मी म्हटलं.

तोच ठेवून सरावाला उतरले. पहिल्याच वेगाच्या वळणावर आतली दोन्ही चाकं उठली. डांबर माझ्या कोपराला लागणार इतकं जवळ आलं. कार्ट परत खाली कशी टेकली, देव जाणे.

घरी सांगितलं तेव्हा आई पांढरीफटक पडली. मग चिडलीच, "अगं, ते तुझ्यासाठी लावलं होतं, लोखंडासाठी नाही!"

उद्या शर्यत आहे. मऊ ॲक्सल बसवलाय, तरी डोळे मिटले की डांबर दिसतं. अशी भीती तुम्ही कशी घालवता?

आत्ता आई पुन्हा कुंकू घेऊन आली. या वेळी मी कपाळ पुढे केलं.