तीन अँपिअरची सोयरीक

जहीर खलफे कुणाच्या घरी गेला, की आधी चपला काढतो, मग सलाम करतो आणि मग भिंतीकडे बघतो. फोटो नाही, घड्याळ नाही, सॉकेट बघतो. एकात किती वायरी कोंबल्यात, प्लग पिवळा पडलाय का, कुणी वरच्या भोकात पेन खुपसून गावाकडचा दोन पिनांचा प्लग घुसवलाय का. कुवेतच्या फिंतास भागातले रत्नागिरीकर म्हणतात, हा माणूस मय्यतीला आला तरी आधी पंख्याची वायर बघेल. हे साफ खोटं आहे. एकदाच बघितली होती, आणि ती खरंच सोलवटलेली होती.

पोटापाण्याचा धंदाच तसा. शुऐबाच्या कारखान्यांत, ऑफिसांत, कामगारांच्या कॅम्पात प्लग लावून चालणारी प्रत्येक वस्तू तपासायची. आधी डोळ्यांनी, मग मशीन लावून. बरी निघाली तर हिरवं लेबल. नाहीतर लाल, आणि लालवालीचा प्लग तिथल्या तिथे कापायचा. त्यातही त्याचं खरं दुखणं म्हणजे फ्यूज. कुवेतच्या चौकोनी प्लगच्या पोटात बोटाच्या पेराएवढा फ्यूज असतो; झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहिली की तो उडतो आणि वस्तू बंद पडते. टेबललॅम्पसारख्या अल्पाहारी वस्तूला तीन अँपिअरचा, केटली-इस्त्रीसारख्या खादाड वस्तूला तेराचा. पण दुकानदार सगळ्यांच्या हातात तेराचाच ठेवतो. मग लॅम्पची वायर आतल्या आत जळते आणि फ्यूज आपला आरामात बसून बघतो. जहीर कुवेतला नवा होता तेव्हा चौघांच्या खोलीत अशाच एका लॅम्पने त्याची गादी पेटवली होती. तेव्हापासून त्याचा वस्तूंवर भरवसा नाही. आणि वस्तू माणसंच लावतात, म्हणून माणसांवरही नाही.

आता अशा बापाच्या पोरीचं लग्न कसं जमायचं? निदा दातांच्या क्लिनिकात रिसेप्शनला, हुशार, हसरी. दोन ठिकाणं बापाने मोडली. एका घरी गालिच्याखालून वायर नेली होती. दुसऱ्या घरी फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. त्याने तो प्लग उघडला कधी, असं विचारू नका. हात धुवायला म्हणून उठला होता.

तिसरं ठिकाण बायकोने, बानूने, आपल्या ओळखीतून आणलं. मुलगा अबरार होडेकर, कार्गोच्या ऑफिसात कामाला, आई आफियाबरोबर बनेद अल-गारला राहतो. "मुलांनी एकमेकांना बघितलंसुदा नाय," बानू म्हणाली. "आणि बगा, हे तिसरंही मोडलंत, तर पोरीला तुमीच सांबाळत बसा जन्मभर."

शुक्रवारी दुपारनंतरची असरची नमाज आटपून दोघं घर बघायला गेले. जहीरने आत पाऊल टाकलं आणि तो चक्रावलाच. वायर एकही लोंबत नव्हती. टीव्हीमागे एक्स्टेन्शन बोर्ड नव्हता. चार्जर नुसताच लटकत नव्हता. इतकं नीटनेटकं त्याने शुऐबातही बघितलं नव्हतं, आणि तिथे लोक तो येणार म्हणून आठवडाभर आवराआवर करतात.

म्हणजे इथेही कुणीतरी सांगितलंय!

आफिया चहा टाकायला आत गेली, अबरार पाण्याचे ग्लास आणायला. तेवढ्यात जहीर सोफ्याशेजारच्या लॅम्पकडे वाकला, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला.

"अवो, काय करताव?" बानू दात दाबून म्हणाली.

"रुमाल पडला."

"रुमाल तुमच्या गुडघ्यावर हाय."

प्लगमध्ये तीनचा फ्यूज होता. नवाकोरा. जहीरच्या कपाळाला आठी पडली. कुवेतमध्ये तीनचा फ्यूज मागून घ्यावा लागतो, आणि मागणारा माणूस कुणीतरी शिकवून पाठवलेला असतो.

चहा काही येईना. आतून आधी 'टक्' झालं, मग कुजबुज. थोड्या वेळाने आणखी दोनदा 'टक्', आणि आफियाचं "या अल्लाह!" पाण्याचे ग्लास ठेवायला आलेला अबरारही पुन्हा आत पळाला तो बाहेर येईना. जहीरच्या डोक्यात काय काय आलं! आत कोण लपवलंय? मुलाची आधीची बायको? घराचा खरा मालक?

"मी जरा पाणी पिऊन येतो," तो उठला.

"ग्लास समोर हाय," बानू म्हणाली. पण तो पोचलासुद्धा.

स्वयंपाकघरात लपलेलं कुणीच नव्हतं. बिल्डिंगला गॅस नाही, सगळा कारभार विजेवर. आणि केटली मेलेली, विजेची शेगडी मेलेली, कच्ची कटलेटं पोटात घेऊन एअर फ्रायरही मेलेला. अबरार जेवणाच्या सुरीने केटलीचा प्लग उघडत होता.

"दे इकडे." जहीरने प्लग खोलला. आत तीनचा फ्यूज, उडालेला. शेगडीत तीन. फ्रायरमध्ये तीन. "लेका, या केटलीच्या बुडाशी लिहिलंय ते वाच. किती वॉट?"

"दोन हजार दोनशे, अंकल."

"त्याला दोनशेचाळीस व्होल्टने भाग. नऊच्या वर अँपिअर मागते ही. तीनमध्ये कशी जगेल? कुणी सांगितलं तुला तीनचे घालायला?"

अबरारने आईकडे बघितलं. आईने कटलेटांकडे.

"निदाने," अबरार पुटपुटला. "ती म्हणाली, बाबांना तेराचे दिसले की लग्न मोडतं. मग मी सगळेच बदलले."

"कधी म्हणाली? तुम्ही तर एकमेकांना बघितलंही नाही!"

आता ही गोष्ट अख्ख्या फिंतासला ठाऊक होती, एका जहीरला सोडून. अबरार दोन वर्षं त्या क्लिनिकात जात होता, एका दाढेसाठी. एवढ्या काळात अख्खी बत्तिशी नवी झाली असती. दारात बानू येऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता. ते बघून जहीर आणखी भडकला.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला उल्लू बनवलंत! चल गं, उठ."

"मी उभीच हाय," बानू म्हणाली.

"अंकल," अबरार सुरी हातात घेऊनच मागे आला, "हिशोब मला येत नाय, खरं सांगतो. पण वाटलं, चुकलंच तर बंद पडू दे. जळू नये. निदा राहणार इथे."

जहीर दारापर्यंत गेला होता, थांबला. हातातला उडालेला फ्यूज त्याने उजेडात धरला, फिरवून बघितला. इतकी वर्षं लोकांचे प्लग खोलले. जो चुकला तो मोठ्या फ्यूजच्या बाजूलाच चुकला. बंद पडू नये, एवढीच प्रत्येकाला घाई. हा पहिलाच गाढव लहान बाजूला चुकला होता.

"खाली हार्डवेअरचं दुकान हाय?"

"हाय, अंकल."

"तेराचे तीन घेऊन ये. लॅम्पचा तसाच राहू दे, तो बरोबर हाय."

अबरार चप्पल उलटसुलट घालून पळाला. आला, आणि जहीरने त्याच्याच हातून तिन्ही प्लग भरून घेतले. वायर ओढून बघितली, स्क्रू पुन्हा आवळायला लावले. केटली गुरगुरली, फ्रायर तापला, चहा-कटलेटं झाली. त्याने चहाचा पहिला घोट घेतला, सगळ्यांवरून एक नजर फिरवली.

"आता निकाहची तारीख तेवढी निदाला विचारून ठरवा," तो तिरकस म्हणाला. "का तीही ठरवून ठेवलीय?"

आफिया उगाचच साखर ढवळत राहिली. बानूने घाईघाईने कटलेटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.