कामतबाईंचा ठाम शब्द

डॉ. कामतबाईंच्या तोंडी ‘कदाचित’ हा शब्द कधी यायचाच नाही. घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलात त्या गाठींचे तुकडे तपासायच्या. स्नायूत, चरबीत उगवणाऱ्या कॅन्सरच्या पेशींमधली कोणती प्रथिनं वाढली आहेत ते पाहून पेशंट किती काळ काढेल, याचा अंदाज बांधणं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मी त्यांच्या हाताखाली नवीनच लागले होते. मी जरा चाचरले की म्हणायच्या, “गोलमोल बोलू नकोस गं. लोकांना तयारी करायची असते.”

वर्सोव्याच्या जयाबाईंच्या मांडीत अशीच गाठ निघाली. प्रथिनांचं चित्र वाईट होतं. त्यांच्या नवऱ्याने विचारलं तेव्हा कामतबाई म्हणाल्या, “वर्ष निघणार नाही.”

काही वर्षांनी त्याच जयाबाई ताजे बोंबील घेऊन लॅबच्या दारात उभ्या! किंचित लंगडत होत्या, पण ठणठणीत. बाईंनी त्यांना मिठीच मारली. मग जयाबाई सहज बोलून गेल्या, “तुमी सांगितलंत म्हनून पोरीचं, निशाचं लगीन उरकलं, माज्या डोल्यांदेखत. कॉलेज सुटलं तिचं. पन मी हाय ना!”

बाईंचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यांनी एकही स्लाइड पाहिली नाही.

रविवारी मला घेऊन त्या फेरीबोटीने मढला गेल्या. निशाचं सासर तिथलं. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, “मी चुकले गं. तुझ्या आईसारख्या पुष्कळ जणींचं जे होतं, ते तिचंही होणारच असं मी सांगून बसले.”

निशाने हातातला बोंबील दोरीवर अडकवला. मग खाली बघत म्हणाली, “मॅडम, आई वर्सोव्याहून येते, हसते, माझ्या पोराला खेळवते. आणि मला आधी राग येतो. ही जगणारच होती, तर माझं कॉलेज का सोडवलं? मग स्वतःचीच लाज वाटते. आईच्या जगण्याचा कुणाला राग येतो का?”

“ती लाज माझी आहे,” बाई म्हणाल्या. “तू नको घेऊस.”

निवृत्त होईपर्यंत लॅबमधल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला त्या हे स्वतः सांगायच्या. निशाचं नाव घ्यायच्या नाहीत, चूक मात्र ‘माझी’ म्हणूनच सांगायच्या. इतक्या वेळा सांगूनही ते सांगणं त्यांच्या जिभेला कधी सवयीचं झालं नाही.